शिफारस

महोदय,
विन्स्लो कोव्ह बंदराचे जकात अधिकारी
इफ्राइम टोलमन
गेल्या मंगळवारी पहाटेच्या ओहोटीला वारले.
(इथली माणसं ओहोटीलाच मरतात.
भरतीला कुणाला सवड नसते.)
त्यांचा मुलगा असाहेल, वय सत्तावीस,
त्या जागी नेमावा, अशी विनंती

इथवर आलो आणि टाक थांबला.
दौतीतली शाई गोठली होती,
ती चुलीपाशी नेली, परत आणली.
'प्रामाणिक' लिहिलं. खोडलं.
खोडलेलं वाचता येऊ नये म्हणून पुन्हा खोडलं
आणि भोक पडलं.
नवा कागद घेतला. कागद इथे महाग आहे.

म्हातारा माझा मित्र.
बेटांवरून काकवीची पिंपं उतरली
की मी गज बुडवायचो, आकडा ओरडायचो,
आणि तो जरा कमी ऐकायचा.
त्र्याहत्तर म्हटलं की वहीत सत्तर.
कुणाची बायको बाळंत, कुणाचं शीड फाटलेलं,
कारण विचारायचा नाही, आपणच शोधून द्यायचा.
सरकार लांब आहे जोथम, म्हणायचा, पोटं जवळ.
त्या सत्तरांतली काही पिंपं माझ्या मेव्हण्याची होती.
हे पत्रात येणार नाही.

मग ऑक्टोबरात त्याचा उजवा हात गेला.
आम्हाला कळलंच नाही.
हातमोजा घालून बसायचा, थंडी म्हणायचा.
जूनमध्येही थंडी म्हणाला
तेव्हा मी वहीत डोकावलो.

तेच अक्षर. टोलमनमधली तीच रेघ,
वाऱ्यात कललेल्या डोलकाठीसारखी.
तीच सही.
फक्त बेरजा बरोबर होत्या.

बेरजा बरोबर होत्या, महोदय.
त्र्याहत्तर ते त्र्याहत्तर.
गाव कुरकुरलं, पण शिव्या राजधानीला घातल्या:
दर वाढवले मेल्यांनी.
इफ्राइमचं नाव कुणाच्या ओठांवर आलं नाही.

रात्री दार लावून, मेणबत्तीपाशी,
आपला हात बापाच्या हातासारखा करून
पोरगा चौदा महिने सरकारची वही लिहीत होता.
पगार नाही, नाव नाही.
याला कायद्यात एक शब्द आहे, आणि त्याला शिक्षा आहे.
याहून मोठी लायकी मी
चाळीस वर्षांत या धक्क्यावर पाहिली नाही.
दोन्ही एका वाक्यात बसवायला
माझ्याकडे तेवढं व्याकरण नाही.

सोबत बावन्न सह्या आहेत, आठ नुसत्या फुल्या.
कॅप्टन लेम्युएल हॅचने सही करताना डोळा मारला:
खाण तशी माती!
सगळे तेच म्हणाले, आपापल्या पिंपांकडे बघत.
मी मान हलवली.
मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे,
असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

फक्त विधवा मेहिटेबल म्हणाली,
त्या पोराला विचारलंत का कुणी?

विचारलं.
असाहेल धक्क्यावर ओला दोर गुंडाळत होता.
म्हणाला, त्यांना लिहा, मी बापासारखा नाही.
कुणाला लिहू, मी म्हटलं, राजधानीला की गावाला?
तो हसला नाही.
दोराचा एक वेढा चुकला होता,
तो सोडवून त्याने पुन्हा घातला.

तेव्हा, महोदय, इतकंच:
उमेदवाराचं अक्षर चांगलं आहे.
वडिलांच्या कामाची त्याला पूर्ण ओळख आहे.
गावाचा त्याच्यावर विश्वास आहे,
निदान नेमणुकीचं पत्र येईपर्यंत.
(शेवटची ओळ खोडली. या वेळी हलक्या हाताने.)

आपला,
जोथम पीस, मापारी

ता. क.
कचेरीत गेल्या वर्षी मेणबत्त्या
नेहमीपेक्षा दुप्पट जळल्या.
तो खर्च, कारण न विचारता,
मंजूर व्हावा.